पावती क्रमांक सत्तेचाळीस

बंदरावर बसणाऱ्याकडून वीस रुपये घ्यायचे,
पावती फाडायची, एवढंच माझं काम.
पुस्तक नगरपरिषदेचं, शिक्का ठेकेदाराचा,
शिव्या माझ्या.
पाटीमागे वीस. पाटीत कोळंबी असो की मांदेली,
मला भाव नसतो.

निंगव्वा माझ्या पुस्तकात कधीच नव्हती.
ती लाँच लागते तिथे, फळीच्या टोकाशी,
डाव्या हातात सिमेंटची धुतलेली पिशवी.
उजवा हात लांज्याकडच्या एका चिरेखाणीत
यंत्राने ठेवून घेतला, मनगटापासून.
मुकादमाने दोन हजार दिले
आणि विजापूरच्या गाडीत बसवलं.
ती हातखंब्यालाच उतरली.
तिकडे तरी कोण होतं, म्हणते.

नेपाळी खलाशी टोपली उचलताना
दोन बांगडे सांडतात, सांडल्यासारखे.
होडेकरांची झैनब मूठभर तारली टाकते,
शुक्रवारी जास्त.
अनसूया पावसकर शिवी देऊन देते,
पण देते.
बर्फाच्या पाण्यात उभं राहून राहून
निंगव्वाच्या पायांची कातडी
भिजल्या पोह्यांसारखी झालेली.
तिला कधी कुणी हाकललं नाही,
हे मला आमच्या बंदराचं मोठेपण वाटायचं.

मार्चमध्ये एकदा बांगडा उदंड लागला.
त्या दिवशी तिने पिशवी फाडून अंथरली
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी, उन्हात,
आणि वाटे लावले.
तीन.
शेपटाला शेपूट, एका हाताने,
मान कलती करून बघायची,
पुन्हा एक बांगडा सरळ करायची.
"पन्नास," म्हणाली. मराठीतले आकडे तिला येतात.
एका मास्तरीणबाईंनी एक वाटा घेतला,
वर पिशवी मागितली.

मग अनसूया उठली.
"मागलंस तर देव. पन इकाया बसलीस
तर वाटे दर्यात टाकीन."
झैनब काही बोलली नाही.
तिचं न बोलणं जेटीभर ऐकू गेलं.
अनसूयेचंही काय खोटं होतं?
डिझेल उधारीचं, सोसायटीचा हप्ता थकलेला,
आणि तिनेच फुकट दिलेला बांगडा
तिच्याच पाटीशेजारी पन्नासला.

निंगव्वा माझ्याकडे आली.
पदराची गाठ दातांनी सोडली.
नाणी ज्या हातात, त्याच हाताने मोजता येत नाहीत,
म्हणून सगळी माझ्या टेबलावर ओतली.
रुपया, रुपया, दोनाचं एक, रुपया.
वीस झाले.
"चीटी द्या."

मी कार्बन घातला. तारीख लिहिली.
नावापुढे 'निं' लिहिलं.
खालचा रकाना : व्यवसाय.
बायका बघत होत्या.
जेटीच्या तोंडाशी ठेकेदाराची बुलेट येऊन थांबली.
"उद्या ये," म्हटलं
आणि नाणी तिच्याकडे सरकवली.
एक गडगडत टेबलाखाली गेलं.
ते शोधायला ती वाकली नाही,
मीही नाही.

जूनमध्ये बंदर बंद. लाँचा काठाला, ताडपत्रीखाली.
ती एसटी स्टँडच्या दारात बसू लागली, हात पुढे करून.
मी जाता-येता पाच टाकायचो, कधी दहा.
हे मला जमतं.
हे करताना कुणाकडे बघावं लागत नाही,
रकाना नसतो.
ऑगस्टात लाँचा सुटल्या, तशी ती पुन्हा फळीशी.
पिशवी नवी.
बांगडे घेते आणि तिथूनच परत फिरते,
भिंतीकडे जात नाही.

रद्द पावती फेकून देता येत नाही.
दोन्ही प्रती पुस्तकातच टाचून ठेवायच्या,
तिरकी रेघ मारून, खाली कारण लिहून.
ऑडिटला आलेल्या साहेबांनी पानं उलटता उलटता
बोट ठेवलं :
हा सत्तेचाळीस नंबर का रद्द?
चष्मा काढून त्यांनी स्वतःच वाचलं,
माझं अक्षर बरं आहे :
नाव चुकले.